'तुम्हाला काहीच करायचं नाही': प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या, त्याचं प्रकरण

डिसेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या प्राइम सदस्यांना अ‍ॅमेझॉनचा एक मेल आला. मेल छोटा होता. २९ जानेवारीपासून प्राइम व्हिडिओवरच्या चित्रपटांत आणि मालिकांत मर्यादित जाहिराती दिसू लागतील. त्या पैशातून चांगल्या कार्यक्रमांवरचा खर्च चालू ठेवता येईल आणि वाढवता येईल. टीव्ही वाहिन्या आणि इतर स्ट्रीमिंग सेवांपेक्षा जाहिराती बऱ्याच कमी ठेवण्याचा आमचा प्रयत्न राहील. तुम्हाला काहीच करायचं नाही, प्राइमची किंमतही तीच आहे. ज्यांना जाहिराती नको असतील त्यांच्यासाठी महिन्याला २.९९ डॉलर जादा भरायची सोय आहे, त्यासाठी इथे क्लिक करा.

शब्दशः नाही, पण मजकूर हाच. यातलं 'तुम्हाला काहीच करायचं नाही' हे वाक्य वाचणाऱ्याला दिलासा देण्यासाठी लिहिलेलं दिसतं. कार्ड बदलायचं नाही, फॉर्म भरायचा नाही, कसली मुदत नाही. पण सगळा व्यवहार उलटा झाला तो याच वाक्यात. कालपर्यंत काही न करणाऱ्याला जाहिरातींशिवाय चित्रपट मिळत होता, उद्यापासून काही न करणाऱ्याला जाहिरातींसकट मिळणार होता. पैसे भरून घेतलेल्या सेवेत जाहिरात असावी की नसावी यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडता येतं. मला या प्रकरणात त्याहून बारीक एक गोष्ट पाहायची आहे. बदल झाला तेव्हा हालचाल कोणाला करावी लागली, आणि त्यातून कोणाला काय मिळालं?

मेलच्या आधी

प्राइम हे मुळात व्हिडिओचं सदस्यत्व नव्हतंच. फेब्रुवारी २००५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा वर्षाला ७९ डॉलर भरायचे आणि मागवलेलं सामान दोन दिवसांत दारात यायचं, एवढाच मामला होता. सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, चित्रपट आणि मालिका मिळून सुमारे ५,००० कार्यक्रम त्याच वर्गणीत पाहायला मिळू लागले. मोठ्या खरेदीवर दुकानदाराने वरून काहीतरी हातावर ठेवावं तसा हा प्रकार. कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१६ मध्ये एका परिषदेतल्या जाहीर मुलाखतीत त्यामागचा हिशेब हसत हसत सांगून टाकला होता: आम्हाला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला की आमचे बूट जास्त खपतात.

म्हणजे व्हिडिओने स्वतः पैसे कमवावेत अशी अपेक्षाच नव्हती. गिऱ्हाइकाला दुकानात बांधून ठेवणं हे त्याचं काम. पण वरून दिलेल्या वस्तूचा खर्च मूळ वस्तूच्या बरोबरीला येऊ लागला की मालकाला घाम फुटतो. मार्च २०२२ मध्ये कंपनीने हॉलिवूडचा एमजीएम स्टुडिओ ८.५ अब्ज डॉलरला घेतला. त्याच वर्षीपासून अमेरिकन फुटबॉलचे गुरुवारचे सामने वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर मोजून प्राइमवर आले. व्हिडिओ आणि संगीत मिळून अ‍ॅमेझॉनचा खर्च २०२२ मध्ये १६.६ अब्ज डॉलर होता, २०२३ मध्ये तो १८.९ अब्जांवर गेला. त्या वर्षी कंपनीला प्राइमसह सगळ्या सदस्यत्वांतून मिळालेले पैसे ४०.२ अब्ज डॉलर होते. आणि त्यातूनच घरपोच सामानाचा खर्चही निघायला हवा होता.

सरळ उपाय म्हणजे वर्गणी वाढवणं. अमेरिकेत ती ७९ वरून २०१४ मध्ये ९९, २०१८ मध्ये ११९ आणि २०२२ मध्ये १३९ डॉलर झाली होती. दर चार वर्षांनी वीस डॉलर असा जवळजवळ ठरलेला ताल. २०२३ मध्ये पुन्हा वाढ केली असती तर ती लगेच डोळ्यात भरली असती. दरवाढ म्हटली की बातमी होते, आणि बातमी वाचून माणूस हिशेब करायला बसतो: वर्षभरात आपण नक्की किती सामान मागवलं, किती पाहिलं? सदस्यत्व विकणाऱ्या कुठल्याही कंपनीला हा हिशेब नको असतो. जाहिरातीचं तसं नाही. ती वेळात वसूल होते, आणि आपला किती वेळ गेला याचं बिल महिनाअखेरीला कोणी पाठवत नाही.

२९ जानेवारीला काय काय बदललं

ठरल्या दिवशी अमेरिकेत जाहिराती सुरू झाल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रिटन, जर्मनी आणि कॅनडाचा नंबर लागला, मग वर्षभरात आणखी देशांचा. भारतात १७ जून २०२५ पासून सुरुवात झाली, आणि जाहिराती टाळण्याचे वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये ठरले. साचा सगळीकडे तोच.

आता बारीकसारीक तपशील. पहिला म्हणजे, २.९९ डॉलर भरणाऱ्यालाही पूर्ण जाहिरातमुक्ती नव्हती. थेट सामने आणि इतर थेट कार्यक्रमांतल्या जाहिराती तशाच राहणार होत्या, हे कंपनीने आधीच सांगितलं होतं. म्हणजे 'जाहिरातमुक्त' या शब्दाला सुरुवातीपासूनच अपवादाची शेपटी होती.

दुसरा तपशील मेलमध्ये नव्हताच. फेब्रुवारी २०२४ मध्ये काही जाणकार प्रेक्षकांच्या लक्षात आलं की जादा पैसे न भरलेल्या खात्यांवर डॉल्बी व्हिजन आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस (चित्राचा आणि आवाजाचा उंची दर्जा देणारी तंत्रं) दिसेनासे झालेत. महागडा टीव्ही आणि स्पीकर घेतलेल्या माणसाला हे चटकन कळतं, कारण चित्रपट सुरू होताना कोपऱ्यात झळकणारं चिन्ह गायब होतं. विचारणा झाल्यावर कंपनीने मान्य केलं की या दोन्ही गोष्टी आता फक्त जाहिरातमुक्त पर्यायात मिळतील. जाहिरातीइतकी चर्चा यावर झाली नाही, पण मला हा भाग अधिक खटकतो. जाहिराती आणताना निदान मेल तरी पाठवला होता. चित्राचा आणि आवाजाचा दर्जा मात्र गुपचूप काढून घेतला, आणि तेही विचारेपर्यंत सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं.

पैसे भरून जाहिराती पाहणं नवीन आहे का?

या प्रकरणावर बोलताना हमखास ऐकू येणारा युक्तिवाद असा: वर्तमानपत्र विकत घेतो, त्यात जाहिराती असतातच, मासिकातही असतात, तिकीट काढून चित्रपटगृहात गेलं तरी सुरुवातीला दहा मिनिटं जाहिराती पाहाव्या लागतात. मग इथेच एवढा गळा का काढायचा?

युक्तिवाद खोटा नाही. स्ट्रीमिंगमध्येसुद्धा हुलूने २०१० साली महिन्याला ७.९९ डॉलरची सेवा काढली तेव्हा तीत जाहिराती होत्याच. जाहिरात नसलेला महाग पर्याय तिने २०१५ मध्ये दिला. पण या उदाहरणांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वर्तमानपत्रातली जाहिरात जागा घेते, वेळ घेत नाही. डोळा ती ओलांडून पुढे जातो. पडद्यावरची जाहिरात ओलांडता येत नाही, ती संपेपर्यंत गोष्ट थांबते. शिवाय हुलू असो की वर्तमानपत्र, घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की आपण काय घेतोय. प्राइम व्हिडिओच्या प्रेक्षकाने जाहिरात नसलेली वस्तू घेतली होती, काहींनी तर वर्षभराचे पैसे आगाऊ भरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये १३९ डॉलर भरलेल्या माणसाचे अजून नऊ महिने शिल्लक होते तेव्हा वस्तू बदलली.

टीव्हीच्या इतिहासात 'जाहिरात नाही' हाच माल म्हणून विकण्याचा मोठा प्रयोग एचबीओ या अमेरिकन वाहिनीचा. नोव्हेंबर १९७२ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात काही शे घरांपुरती सुरू झाली, आणि अखंड चित्रपटासाठी लोक वेगळे पैसे देतात हे तिने दाखवून दिलं. पुढे चाळीसेक वर्षांनी आलेल्या स्ट्रीमिंग सेवांनी प्रेक्षकांना हेच विकलं, आणि जे विकलं ते अंगवळणीही पडलं. ज्या सवयीवर धंदा उभा राहिला, ती मोडायची वेळ आली तेव्हा प्रत्येक कंपनीने वेगळी वाट धरली.

नेटफ्लिक्सने जिना बांधला

तुलना करायची तर नेटफ्लिक्सशीच करावी लागते. जाहिरात घेणार नाही हे त्या कंपनीचं जुनं ब्रीद. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत तिचे २ लाख आणि दुसऱ्या तिमाहीत जवळपास ९.७ लाख सदस्य घटले, आणि ब्रीद बदललं. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत महिन्याला ६.९९ डॉलरचा जाहिरातींसहचा स्वस्त प्लॅन आला. तासाला चार ते पाच मिनिटं जाहिराती, चित्र ७२० पिक्सेलपर्यंतच, डाउनलोडची सोय नाही. आधीपासून जास्त पैसे भरणाऱ्यांना काहीही धक्का लागला नाही. ज्याला पैसे वाचवायचे असतील त्याने स्वतःहून खाली उतरावं.

परिणाम काय झाला? सुरुवातीला फारसं कोणी उतरलं नाही. ठरलेली प्रेक्षकसंख्या भरून न आल्याने नेटफ्लिक्सने जाहिरातदारांना न वापरलेले पैसे परत घेऊ दिले, अशी वृत्तं पहिल्याच महिन्या-दोन महिन्यांत आली. जाहिरातदाराला गर्दी लागते, आणि स्वखुशीने जमणारी गर्दी हळूहळूच जमते. मग नेटफ्लिक्सने जिन्याच्या पायऱ्या उंच करायला घेतल्या. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत जाहिरात नसलेला सर्वांत स्वस्त प्लॅन नव्या ग्राहकांसाठी बंद झाला. जानेवारी २०२५ पर्यंत जाहिरातींचा प्लॅन ७.९९ आणि त्यावरचा जाहिरातमुक्त प्लॅन १७.९९ डॉलर अशी दहा डॉलरची दरी पडली. मे २०२५ मध्ये कंपनीने जाहिरातींच्या प्लॅनवर जगभरात महिन्याला ९.४ कोटी सक्रिय वापरकर्ते असल्याचं सांगितलं. तिथवर पोचायला तिला अडीच वर्षं लागली.

अ‍ॅमेझॉनने जिना बांधलाच नाही, राहत्या मजल्याचंच नाव बदललं. २९ जानेवारी २०२४ ला सकाळी उठलेला अमेरिकेतला, जादा पैसे न भरलेला प्रत्येक सदस्य जाहिरातींच्या प्लॅनवर होता. त्याच वसंतात कंपनी जाहिरातदारांना सांगू लागली की एकट्या अमेरिकेत महिन्याला ११.५ कोटी लोक आमच्या जाहिरातींच्या टप्प्यात आहेत, आणि १४ मे २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिने वर्षभराच्या जाहिरातींची आगाऊ विक्री करण्यासाठी पहिलाच स्वतःचा मोठा सोहळा केला. वर्षभराने तोच आकडा १३ कोटी झाला. जाहिरातींसाठी म्हणून यातलं एकही गिऱ्हाईक नव्याने मिळवावं लागलं नव्हतं.

माणूस आहे तिथेच राहतो, हे वर्तनशास्त्रात पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. अमेरिकेत एका कंपनीच्या निवृत्ती योजनेवरचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यातला गाजलेला. नव्या कर्मचाऱ्यांची नावं आपोआप योजनेत घालायला सुरुवात केल्यावर सहभाग एकदम वाढला, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण कंपनीने ठरवलेल्या टक्क्यांवर आणि कंपनीने निवडलेल्या फंडातच बसून राहिले. तिथे त्या आळसाने कर्मचाऱ्याचं भलं झालं. इथे कोणाचं झालं हे पुढच्या हिशेबावरून पाहू.

तासाचा हिशेब

२.९९ हा आकडा कुठून आला असावा? कंपनीने तिचं गणित उघड केलेलं नाही, पण जाहिरातीच्या धंद्यातली साधी पद्धत वापरून अंदाज बांधता येतो. जाहिरातीचा दर हजार वेळा दाखवण्यामागे लावतात, त्याला सीपीएम म्हणतात. समजा हा दर ३० डॉलर आहे. म्हणजे एक जाहिरात एकदा दाखवली की ३ सेंट. तासाला तीन मिनिटं जाहिराती धरल्या आणि प्रत्येक जाहिरात तीस सेकंदांची, तर तासात सहा जाहिराती होतात, म्हणजे १८ सेंट. महिन्याला २.९९ डॉलर जमायला असे साधारण १७ तास पाहायला हवेत.

या गृहीत धरलेल्या आकड्यांवर सुद्धा चित्र स्पष्ट होतं. महिन्यात पाचच तास पाहणाऱ्या घराने २.९९ भरले तर कंपनीचा निखळ फायदा, कारण जाहिरातींतून त्या घराचे जेमतेम ९० सेंट आले असते. उलट रोज दोन तास पाहणारं घर जाहिराती दाखवून जवळजवळ ११ डॉलर देऊन जातं. ते घर २.९९ भरून सुटलं तर कंपनीला तोटाच. म्हणजे जाहिराती सर्वांत जास्त ज्याला नकोशा होतात, त्या भरपूर पाहणाऱ्याला २.९९ ही चक्क सवलत होती, आणि अधूनमधून एखादा चित्रपट लावणाऱ्याने ते भरणं म्हणजे विकतचं दुखणं. (जाहिरातींच्या सगळ्या जागा विकल्या जात नाहीत, मध्यस्थांचं कमिशन जातं, हे सगळं धरलं तर कंपनीच्या पदरात आणखी कमी पडतं आणि तासांचा आकडा वाढतो.)

आता गणितातला एक आकडा बदलून पाहा. एकदम कोट्यवधी प्रेक्षकांच्या जाहिराती बाजारात आल्या की पुरवठा वाढतो आणि दर उतरतो. समजा तो २५ डॉलर झाला. तासाच्या जाहिराती तीनऐवजी सहा मिनिटं केल्या. आता तासाला बारा जाहिराती, प्रत्येकी अडीच सेंट, म्हणजे ३० सेंट. दर घसरूनही कमाई दीडपटीहून जास्त. २.९९ डॉलर जमायला आता दहाच तास पुरतात. दर बाजार ठरवतो, मिनिटं मात्र कंपनीच्या हातात असतात. मिनिटं वाढवण्याचा मोह कसा होतो हे समजायला एवढं पुरे.

आणि झालंही तसंच. सुरुवातीला तासाला दोन ते साडेतीन मिनिटं जाहिराती असल्याचं अमेरिकन वृत्तपत्रांत आलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी जाहिराती वाढतील असं मुलाखतीत सांगितलं. जून २०२५ मध्ये जाहिरात क्षेत्रातल्या एका नियतकालिकाने हे प्रमाण तासाला चार ते सहा मिनिटांवर गेल्याची बातमी दिली. या वेळी 'तुम्हाला काहीच करायचं नाही' असं सांगणारा मेल मात्र आला नव्हता. 'मर्यादित' या शब्दात मर्यादा किती, हे कुठेही लिहिलेलं नसतं. पहिला मेल पुन्हा वाचला तर 'बऱ्याच कमी ठेवण्याचा प्रयत्न राहील' एवढंच त्यात आहे. प्रयत्न मोजता येत नाही.

जाहिरात कुठे घुसते, आणि तीच ती का दिसते

प्रेक्षकाच्या तक्रारी ऐकल्या तर तासाला किती मिनिटं यापेक्षा दोन गोष्टींवर लोक जास्त चिडलेले दिसतात: ऐन वाक्यात तुटणारं दृश्य, आणि तीच ती जाहिरात पाचव्यांदा.

पहिल्याचं कारण चित्रपटाच्या घडणीत आहे. टीव्ही वाहिनीसाठी लिहिलेल्या मालिकेत लेखकाला ब्रेक कुठे येणार ते ठाऊक असतं. तो प्रसंग टोकाला नेतो, पडदा काळा होतो, मग जाहिरात. ती जागा गोष्टीतच शिवलेली असते. चित्रपटगृहासाठी किंवा जाहिरात नसलेल्या सेवेसाठी केलेल्या चित्रपटात अशी जागा नसते. मग चित्रपट तयार झाल्यावर कोणीतरी, बहुतेकदा सॉफ्टवेअरच्या मदतीने, त्यात ब्रेकच्या खुणा टाकतो. सॉफ्टवेअर शोधतं काळी चौकट, शांतता, दृश्य बदलण्याची जागा. पण शांतता म्हणजे नेहमीच विसावा नसतो. दोन माणसं एकमेकांकडे नुसती पाहत बसलेली असतात, आवाज शून्य, आणि नेमकी तीच जागा यंत्राला सोयीची वाटते. दिग्दर्शकाने प्रेक्षकाचा श्वास रोखायला ठेवलेली शांतता, आणि तिथे मोटारगाडीची जाहिरात.

ही जाहिरात ब्राउझरमधल्या जाहिरातींसारखी सहज अडवताही येत नाही, कारण ती बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवरच चित्रपटाच्या प्रवाहात शिवून एकाच धाग्याने घरी येते. टीव्हीच्या दृष्टीने चित्रपट आणि जाहिरात यांत फरकच नसतो.

दुसरी तक्रार, तीच ती जाहिरात. एका घराला एक जाहिरात दिवसात किती वेळा दाखवायची याची मर्यादा जाहिरातदार घालतो. पण तीच जाहिरात दोन-तीन वेगवेगळ्या मार्गांनी विकत घेतलेली असते: काही थेट कंपनीकडून, काही लिलावातून, काही दुसऱ्या एजन्सीमार्फत. प्रत्येक मार्ग आपापली मोजदाद ठेवतो. प्रत्येकाच्या वहीत 'दोनदाच दाखवली' असतं, घरात मात्र ती सहा वेळा वाजते. शिवाय ज्या घरासाठी बोली लावणारे थोडे, तिथे पुन्हा पुन्हा तोच एक गडी लिलाव जिंकतो. चिडलेला प्रेक्षक त्या उत्पादनाचं नाव कायमचं लक्षात ठेवतो, पण जाहिरातदाराला हवं तसं नाही.

आवाजाचं आणखी एक. टीव्ही प्रसारणात जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजू नये असा कायदा अमेरिकेत २०१० मध्ये झाला. स्ट्रीमिंग त्यातून बाहेर राहिलं, कारण तेव्हा स्ट्रीमिंगवर जाहिराती हा प्रश्नच फारसा नव्हता. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो नियम स्ट्रीमिंगला लावला, अंमल १ जुलै २०२६ पासून. पंधरा वर्षं जुनी कटकट नव्या पत्त्यावर आली आणि तिच्यामागून तोच जुना उपायही.

अ‍ॅमेझॉनला हे का परवडलं

राहत्या मजल्याचं नाव बदलण्याचं धाडस प्रत्येक सेवेला जमलं नसतं. ज्या सेवेचं सदस्यत्व फक्त पाहण्यासाठी असतं, तिथे चिडलेला माणूस दोन क्लिकमध्ये निघून जातो. प्राइम सोडणं म्हणजे दोन दिवसांत येणारं सामानही सोडणं. व्हिडिओवरचा राग सामानाच्या सोयीपुढे विरघळतो. जाहिराती आल्या म्हणून सामान येणं बंद करेन, असं म्हणणारा माणूस फार कमी वेळा ते खरं करतो. (सदस्यत्व सोडण्याची वाट किती वळणांची होती तो वेगळाच मामला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये त्यावर खटला भरला, त्यात सदस्यत्व रद्द करण्याच्या त्या वाटेला कंपनीच्या आत एका ग्रीक महाकाव्याचं नाव होतं हे बाहेर आलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर तडजोड झाली.)

दुसरं बळ खरेदीच्या नोंदींचं. टीव्ही वाहिनी जाहिरातदाराला सांगू शकते की इतक्या लोकांनी जाहिरात पाहिली. अ‍ॅमेझॉन सांगू शकते की जाहिरात पाहिलेल्यांपैकी किती जणांनी नंतर ती वस्तू तिच्याच दुकानातून घेतली. मे २०२४ मध्ये तिने जाहिरातीतली वस्तू रिमोटवरूनच कार्टमध्ये टाकता येईल अशी सोय आणि चित्रपट थांबवला की पडद्यावर येणाऱ्या जाहिराती जाहीर केल्या. कंपनीची जाहिरातींची एकूण कमाई २०२३ मध्ये ४६.९ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये ५६.२ अब्ज झाली. त्यातला मोठा वाटा अर्थातच दुकानातल्या शोधाच्या जाहिरातींचा आहे, व्हिडिओचा नाही. पण बेझोस यांचा बुटांचा विनोद २०१६ मध्ये विनोद होता. आता चित्रपट आणि बूट यांच्यामध्ये रिमोटचं एक बटण आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट उरकली. अ‍ॅमेझॉनकडे फ्रीव्ही नावाची पूर्ण फुकट, जाहिरातींवर चालणारी वेगळी सेवा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती बंद करून तिचे कार्यक्रम प्राइम व्हिडिओत आणण्याचं जाहीर झालं, आणि ते सदस्य नसलेल्यांनाही फुकट पाहता येणार होते. फुकट सेवेत जाहिराती आणि पैशांच्या सेवेत जाहिराती असं झाल्यावर दोन वेगळ्या पाट्या लावण्यात अर्थ तरी काय होता?

एक मेल, दोन न्यायालयं

फेब्रुवारी २०२४ मध्येच अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. म्हणणं असं की वर्षभराचे पैसे जाहिरात नसलेल्या सेवेसाठी घेतले आणि मध्येच तीच सेवा तशीच हवी असेल तर २.९९ जादा मागितले, ही आडवाटेने केलेली दरवाढ आहे. संघीय न्यायालयाने ते मानलं नाही. तर्क साधारण असा: वर्गणीची रक्कम बदललेली नाही, बदलला आहे तो सदस्यत्वातला एक लाभ, आणि लाभ कमीजास्त करण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये स्वतःकडे राखून ठेवला होता. २०२५ च्या सुरुवातीला दावा फेटाळला गेला.

जर्मनीत ग्राहक संघटनांच्या महासंघाने याच बदलाविरुद्ध दावा केला. तिथे वाद किमतीवरून कमी आणि मेलवरून जास्त झाला. ३ जानेवारी २०२४ च्या सुमारास जर्मन ग्राहकांना आलेल्या मेलचा सूर असा होता की कंपनीला हा बदल करण्याचा हक्क आहेच, ती केवळ कळवते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने हा मेल ग्राहकाची दिशाभूल करणारा ठरवला. जाहिरात नसणं हा कराराचाच भाग होता, आणि करार एकट्याने बदलता येत नाही, दुसऱ्या पक्षाची संमती लागते.

एकाच बदलाचं हे दुहेरी वाचन मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत रंजक वाटतं. अमेरिकन न्यायाधीशांनी विचारलं, अटींत काय लिहिलं होतं? जर्मन न्यायाधीशांनी विचारलं, ग्राहकाने काय विकत घेतलं होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कंपनीचा वकील देतो, दुसऱ्याचं सोफ्यावर बसलेला माणूस. माझा कौल दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने आहे, आणि कारण साधं आहे: अटी कोणी वाचलेल्या नसतात हे अटी लिहिणाऱ्यालाही माहीत असतं, जाहिरात नसलेला चित्रपट मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो.

म्युनिकचा निकाल आला तेव्हा तो अंतिम नव्हता, वरच्या न्यायालयात दाद मागता येणार होती. पण त्याच्या कसोटीवर उतरेल असा मेल कसा दिसला असता, याची कल्पना करून पाहायला हरकत नाही. वरचा मजकूर तोच राहिला असता: २९ जानेवारीपासून मर्यादित जाहिराती, कार्यक्रमांवरचा खर्च, वर्गणी तीच. खाली 'तुम्हाला काहीच करायचं नाही' हे वाक्य नसतं. त्याच्या जागी दोन बटणं असती, 'मान्य आहे' आणि 'मान्य नाही', आणि कुठलंच न दाबणाऱ्याचा चित्रपट पूर्वीसारखाच अखंड चालू राहिला असता. त्या मेलनंतर मे महिन्यातल्या न्यूयॉर्कच्या सोहळ्यात जाहिरातदारांना कोणता आकडा सांगता आला असता, याचा अंदाज नेटफ्लिक्सच्या पहिल्या दोन महिन्यांवरून येतो.